काळ्या दोऱ्याने शिवलेली पानं

आमच्या घरात कधी लिंबू-मिरचीसुद्धा टांगली नाही. भूतबित मानणारी माणसं नाही आम्ही. तरी हे लिहितो आहे, कारण हे घडलं आहे.

दिवस या मार्चमधला दुसरा शनिवार. भर दुपारचा एक. जागा, आदिलाबादमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयामागची खोली.

वृषाली माझी भाची. तिथे कंत्राटी नोकरीला. जुने शोधप्रबंध स्कॅन करून विद्यापीठाच्या वेबसाइटवर चढवायचे, म्हणजे जगात कोणालाही ते फुकट वाचता यावेत. सोमवारपर्यंत सगळे चढले तरच कंत्राट वाढणार होतं. आणि एकही पान गाळायचं नाही, असा वरून हुकूम.

शेवटचा प्रबंध वारलेल्या एका प्राध्यापकांचा. तलमडुगुकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांवर.

त्याची शेवटची पानं काळ्या दोऱ्याने शिवलेली होती.

वर चिठ्ठी. 'आत बायांची खरी नावं आहेत. त्यांना शब्द दिला आहे. उघडू नये.'

आमची पोर वाईट नाही हो. पण घाई माणसाला आंधळं करते. तिने कात्री घेतली.

पानं स्कॅन झाली. 'सर्वांसाठी खुला' हे बटण तिने दाबलं आणि रोजच्यासारखी लिंक मला पाठवली. बाहेरून उघडतं का, ते बघायला. मी गुडीहत्नूरच्या शाळेत शिक्षक. फाइल उतरवली, शेवटची पानंही चाळली आणि 'उघडलं' म्हणून कळवलं.

त्यानंतर तिच्या फोनची रेंज गेली.

पंखा थांबला.

आणि आवाज आला. टक्... टक्... एकेक दोरा तुटल्यासारखा.

कात्री तर टेबलावर पडलेली होती.

ती दाराकडे धावली. कडी ओढली. हलेना.

"भगवंतराव! ओ भगवंतराव! दार उघडा ना!"

वॉचमन भगवंतराव बाहेरच बसलेले. फटीतून त्यांच्या चपला दिसत होत्या. तिने दार बडवलं, हात सुजेपर्यंत बडवलं.

चपला हलल्या नाहीत.

मग पाठीमागून कोणीतरी हळूच म्हणालं... "दोरा काऊन तोडला वं पोरी?"

कोणी बाई होती. म्हातारी.

तिच्याकडे बघायची वृषालीची छाती झाली नाही. संगणकाच्या पडद्यावर एक पान उघडलं होतं. ते तिने उघडलं नव्हतं. एका बाईने सरांना सांगितलं होतं, की तिचा मुलगा उत्तम हा तिच्या नवऱ्याचा नाही. ज्याच्या शेतात ती राबायची, त्या मालकाने जबरदस्ती केली होती. खाली तिचं नाव. गाव तामसीजवळचं.

नाव मी लिहिणार नाही.

"मी मेल्यावरबी पोराले कळनार नाई, असा शबूद देला होता सरानं."

"चुकलं माझं, मावशी," वृषाली रडायलाच लागली. "आत्ताच बंद करते." कंत्राट जाणार, हे तिला कळत होतं. तरी तिने प्रबंध सर्वांसाठी बंद केला.

कडी तरीही हलेना...

पडद्यावर एकच ओळ राहिली होती. डाउनलोड : १.

"तो एक कोन?" आवाज आता कानाशी आला होता.

वृषालीच्या तोंडून निघून गेलं, "मामा. माहे मामा."

कडी आपोआप सरकली.

बाहेर भगवंतराव तंबाखू मळत होते. "काऊन घाबरली वं? दार तं उघडंच हाय. मले कोनाचाच आवाज नाई आला."

वृषालीचं कंत्राट वाढलं नाही. ती घरी आहे, बरी आहे. माझ्या नजरेला मात्र ती नजर देत नाही. मी रागावलो नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

फाइल मी त्याच दिवशी पुसली. पण वाचलेलं कसं पुसायचं?

आमच्या शाळेतले उत्तमराव माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. गाव तेच. आईचं नाव तेच. दोन वर्षांमागे ती गेली, तेव्हा हा पन्नाशीचा माणूस लेकरासारखा रडला होता.

परवा डबा खाताना ते म्हणाले, "सर, आजकाल माह्याशी बोलत नाई तुमी. काय झालं? सांगा ना."

मी मान वर केली नाही. त्यांच्या खुर्चीमागे, जमिनीपाशी, लुगड्याचा काठ दिसत होता...

मी काय सांगतो ते ऐकायला, तो काठ एक पाऊल पुढे सरकला.