झिजलेली नवी गिटार

वाद्यांच्या दुकानाची पायरी चढताना नणंदेनं शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"अगं, अजून विचार कर. माउथ ऑर्गन घे. त्याला बोटं लागत नाहीत."

"त्याला दम लागतो, वन्सं. तो तर तुम्ही सगळ्यांनी वर्षभर काढलाय माझा."

नणंद हसली, पण ती सोबतीला नव्हे, आवरायला आली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी छापखान्याच्या बांधणी खात्यात, कागद कापण्याच्या मशीननं तिच्या डाव्या हाताची अनामिका मुळापासून नेली. डॉक्टर म्हणाले, एकावर निभावलं. फोरमन म्हणाला, बैठं काम घ्या. नवरा काहीच म्हणाला नाही. त्यानं तिची सहा तारांची गिटार मुकाट्यानं माळ्यावर ठेवून दिली, आणि ते मुकाटपणच तिला सर्वांत अधिक झोंबलं. तीन महिन्यांनी ती त्याच पात्यासमोर पुन्हा उभी राहिली. त्या तीन महिन्यांत तिनं आणखी एक गोष्ट केली होती, जी कुणालाच माहीत नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेवर, उरलेल्या तीन बोटांनी, एकही स्वर न उमटवता तिनं वाजवण्याची एक नवी रीत बसवली होती. तर्जनी जिथे थांबे तिथून मधलं बोट तिरकं उतरे, आणि करंगळी एखाद्या हट्टी धाकट्या बहिणीसारखी भलतीकडे पळे. ती रीत जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

आता त्या रितीला वाद्य हवं होतं. टेनर गिटारला चारच तारा, मान अरुंद, अंतरं आखूड. त्यात ती रेझोनेटर जातीची असली, की तिच्या पोटात कागदासारखी पातळ ॲल्युमिनियमची वाटी असते. दुबळ्या बोटानं दाबून छेडलं तरी ती वाटी आवाज मोठा करून परत देते. तिला दया नको होती, मोठा आवाज हवा होता.

दुकानदारानं तीन काढून दाखवल्या. पहिलीची मान बोजड. दुसरीची पत्र्याची कड उजव्या हाताला काचत होती. तिसरी अंगाला अगदी बेताची बसली, पण किंमत ऐकून नणंदेनं ती स्वतःच्या हातानं परत ठेवली.

"आणखी एक आहे," दुकानदार अवघडून म्हणाला. "पण ती... कशी सांगू? नवीच आहे. खोक्याचं सील मी माझ्या हातानं फोडलंय. पण दिसते वापरलेली. कारखान्याला कळवलं, ते मानायला तयार नाहीत. अर्ध्या किमतीत देतो. डोळ्यांसमोरून जाऊ दे एकदाची."

तिनं ती मांडीवर घेतली. पत्रा थंड असायला हवा होता. तो नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीइतका कोमट होता. वाटीच्या झाकणावरचा मुलामा उजवा तळवा टेकतो तिथे उडून गेला होता. मानेच्या मागे अंगठ्यापुरता गुळगुळीत उतार पडला होता, आणि तिचा अंगठा तिथे विचारल्यावाचून जाऊन बसला. मानेच्या पुढच्या, तारांखालच्या काळ्या लाकडावर दोन प्रकारच्या खुणा होत्या. काही अगदी फिकट, नुसती झिलई चढलेल्या. काही खोल, थेंबाथेंबानं दगड झिजावा तशा.

तिनं तीन बोटं फिकट खुणांवर ठेवली. तर्जनी, तिरकं मधलं बोट, भलतीकडे पळालेली करंगळी.

टेबलाच्या कडेवरची तिची रीत त्या लाकडावर जशीच्या तशी उमटलेली होती.

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"काही नाही." तिनं तारा छेडल्या. वाटीतून आलेला आवाज इतका निर्भीड होता, की समोरच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक मागे वळलं. "वन्सं, हीच घ्यायची."

"अगं, वापरलेली आहे ती!"

"हो. मीच वापरलेली."

नणंदेनं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदारानं पावतीपुस्तक उघडलं.

तारा जरा उंच होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी ती वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"दुकानदार नवी म्हणतो? मग मीही नवाच की."

"दोन जणांनी वाजवलीये का?"

"छे. मागे अंगठा एकच आहे. माणूस एकच. आधी ह्या फिकट खुणा, मग ह्या खोल. फिकटावर खोल चढलंय, बघा. पण ह्या खोल खुणा दोन-दोनच का आहेत, ते कळत नाही. जोड्या नुसत्या. असं कोण वाजवतं?" त्यानं भिंग खाली ठेवलं. "तुम्ही बांधणीतल्या म्हणालात, तर तुमच्याच मापात सांगतो. एका कागदाइतकं लाकूड झिजायला, रोज वाजवलं तरी दोन वर्षं लागतात."

"म्हणजे ज्यानं वाजवली तो पुष्कळ वर्षं वाजवत होता."

"पुष्कळ. कुणाचं ऐकलं नसणार त्यानं."

ती हसली. अख्ख्या वर्षात तिच्याबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

महिनाभर ती रोज वाजवत राहिली. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, खिडकीशी, दार उघडं ठेवून. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे. नवऱ्याला तर जाऊच दे. तो एकदा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं, बघून तुला त्रास होईल, म्हणून वर ठेवली."

"मला विचारायचं होतंत."

"हो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची जुनी गिटारही खाली आली.

खोल जोड्यांकडे मात्र ती बोट नेत नसे. तिथे कुठलीच ओळखीची सुरावट बसत नव्हती.

मग एका शुक्रवारी, कागदाची चळत सारखी करताना तिचं मधलं बोट चिरलं. पातं नव्हे, नुसती कागदाची धार. असं आठवड्याला एकदा होतंच. फोरमननं पट्टी बांधली. घरी नणंद आली होती, ती म्हणाली, "आज तरी राहू दे."

"का? दोन आहेत ना अजून."

तिनं पट्टीचं बोट मुडपलं. तर्जनी टेकवली, करंगळी टेकवली. दोन बोटांना झेपेल तेच शोधत ती मानेवर वर वर सरकत गेली. तर्जनी एका खळग्यात उतरली. करंगळी दुसऱ्यात.

स्वर स्वच्छ आला.

पुढची जोडी. तीही बसली.

त्याच्या पुढची. तीही.

तिनं गिटार मांडीवर आडवी केली. पिशवीतून कागदाच्या कोऱ्या पट्ट्या काढल्या, नखाएवढ्या कापल्या, आणि तार बाजूला सारून एका खोल खळग्यात एकेक रचू लागली.

सात. आठ. अकरा. अकरावी लाकडाशी सपाट झाली.

बावीस वर्षं. तिला मोठ्यानं हसू आलं. डॉक्टर, फोरमन, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बावीस वर्षं.

मग तिनं एक कागदी पट्टी फिकट खुणेवर ठेवली. तीन बोटांच्या.

ती पुरती आत गेलीच नाही. अर्धीअधिक वर राहिली. म्हणजे वर्षसुद्धा नाही.

तिनं बोटानं दाबून पाहिली. पुन्हा ठेवून पाहिली.

आतून नणंदेनं विचारलं, "पट्टी कधी सोडायचीय गं? उद्या?"

"राहू द्या, वन्सं."

"अगं, साधं कागदानं चिरलंय!"

"हो. पण सवय केलेली बरी."

तिनं कागदाचे तुकडे झटकले, गिटार उचलून छातीशी घेतली आणि दोन बोटांनी, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्यानं, पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.

पट्टीखालचं बोट दुपारपर्यंत ठसठसत होतं. आता तिथे काहीच दुखत नव्हतं.