दोन आरशांमधले अंतर

आर्णीजवळच्या तांड्यात त्या सकाळी सारे वेळेवर झाले. चुकली ती फक्त एसटी. अकरा वाजता यवतमाळच्या कॉलेजात रंजिताची मुलाखत होती. भौतिकशास्त्रातल्या संशोधनाची एकच जागा, आणि घड्याळात साडेदहा.

"थांब, एसटी धरतोच!" असे ओरडून तिचे वडील धनसिंग मोटारसायकलवर यवतमाळच्या रस्त्याने सुसाट निघून गेले.

"पोरीले बसवाचंच विसरला तुहा बाप!" ओसरीवर कशिदा काढत बसलेली तिची याडी, म्हणजे आई, रुपीबाई पोट धरून हसली.

रडवेल्या रंजितालाही हसू फुटले. उजळणी म्हणून गेले आठ दिवस ती आईला एकच गोष्ट सांगत होती: अवकाश मूळचा नसतोच, अतिसूक्ष्म कणांच्या अदृश्य गुंत्यातून तो विणला जातो. गुंता घट्ट तर जवळ, सैल तर दूर. काळाचेही बहुधा तसेच.

"म्हंजे टाका ओढला का गाव जवळ येते," रुपीबाई म्हणाली. "हा आरसा आपला तांडा. थो यवतमाळ."

तिच्या हातातल्या लाल कापडावर वीतभर अंतराने दोन आरसे टाचलेले होते. तिने दोरा ओढला. कापड चुणले, आरशाला आरसा टेकला.

"पोचले मी, याडी!" म्हणत रंजिता ओसरीची पायरी उतरली.

पाय पडला तो कॉलेजच्या पायरीवर. तिने थंड सिमेंट चाचपले, घड्याळ पाहिले. साडेदहाच. ओढणीला अजून चुलीच्या धुराचा वास होता.

मुलाखत रंगली. "दोन बिंदूंमधले अंतरच नाहीसे झाले, तर मधल्याचे काय?" एका परीक्षकांनी विचारले.

"मधले असे काही उरणारच नाही," ती ठामपणे म्हणाली. सगळे खूश झाले. जागा तिला मिळाली.

पेढ्यांचा पुडा घेऊन ती पायरी उतरली, ती थेट अंगणात. रुपीबाईने तिला कवेत घेऊन गिरकीच मारली. "बापूले फोन लाव!"

धनसिंगांनी लगेच उचलला. मागे वारा, इंजिनाची घरघर. "रंजिता, एसटी समोरच दिसून राह्यली! धरतोच आता!"

"बापू, निवड झाली माही."

"धरतोच आता!"

चार वाजता तिने पुन्हा फोन लावला. तोच वारा. तोच आनंदी आवाज.

"रंजिता, एसटी समोरच दिसून राह्यली!"

रुपीबाईने टाका उसवायला सुई उचलली.

दोऱ्याचे टोक सापडेना.

आरशांखाली दुमडलेले कापड, खड्ड्यांवरून गाडी जावी तसे, बारीक थरथरत होते.