नवव्या ओळीतल्या त्रेचाळीस गाठी

"ताठ उभा राह्य! टाचा उचलू नको बे!"

"नाही उचलल्या! तूच टेप ढिली धरून राह्यली!"

योगिनीने शिवमच्या डोक्यावर भूगोलाचं पुस्तक आडवं ठेवलं, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि टेप दोनदा लावून पाहिली. दोन्ही वेळा आकडा तोच आला. एकशे साडेअडतीस!

"दीड सेंटिमीटर कमी. म्हणजे नवलनगरीतला गरुडझेप पाळणा बंद! एकशे चाळीसच्या खाली कोणालाच बसू देत नाहीत."

"मी दोन-दोन मोजे घालीन!"

"मोजे काढायला लावतात. नियम सहावा."

"मग केसांना जेल लावून उभे करीन!"

"मंग तुहे केसच जातीन पाळण्यात, तू खालीच!" छकुली म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खाटेवर लोळून हसली.

शिवम हा योगिनीचा मावसभाऊ. दिवाळीच्या सुट्टीसाठी तो बुलढाण्याहून मेहकरजवळच्या या गावी आला होता. नऊ वर्षांची छकुली म्हणजे वच्छलामावशींची नात. वच्छलामावशी योगिनीच्या शेतात कामाला यायच्या आणि छकुली त्यांच्या मागे मागे.

सुट्टीचा खरा बेत मात्र योगिनीच्या वहीत होता. घाटापलीकडच्या 'नवलनगरी'त दोन दिवस, एक रात्र! सव्वीस खेळ, लाटांचा तलाव आणि राहायला झाडावरच्या खोल्या. योगिनीने नकाशा चार रंगांत काढला होता. कुठल्या खेळाला किती वाजता रांग कमी असते, याचा तक्ताही केला होता. सातवीत विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली मुलगी ती. तिचं सगळं मोजून-मापून!

"ताई, ते शेवटचं पान दाखव ना," छकुली म्हणाली.

योगिनीने वही पटकन मिटली. "त्यात काही नाही."

त्यात एकच ओळ होती. 'पप्पांची अट : मिरचीचं क्रॉसिंग संपलं तरच जायचं.' पुढे मंगळवारची तारीख आणि बरोबरची खूण. ती खूण केल्यापासून योगिनीने ते पान उघडलं नव्हतं.

तेवढ्यात शेडनेटमधून पप्पांचा आवाज आला. पप्पा सहसा ओरडत नसत. तिघंही धावत सुटली.

घरामागच्या पांढऱ्या जाळीच्या मांडवात मिरचीच्या बारा ओळी होत्या. ही मिरची खायची नव्हती, बियाण्याची होती. कंपनीला संकरित बी द्यायचं होतं. संध्याकाळी बायका प्रत्येक कळी चिमट्याने उघडून पाकळ्या आणि निळसर परागकोष काढून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे आणि मग देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा म्हणजे त्या फुलाचं क्रॉसिंग झालं. दोरा दिसला की हात पुढच्या फुलाकडे!

नवव्या ओळीत पप्पा एक फांदी धरून उभे होते. समोर वच्छलामावशी.

"हे काय आहे, वच्छलाबाई? दोरा बांधला आणि पाकळ्या तशाच! हे फूल आपल्याच परागकणांनी फळलं. याचं बी कंपनीच्या मालात मिसळलं तर पूर्ण प्लॉट बाद होईल!"

"हे मह्या हातचं नाई, भाऊ."

"नववी ओळ तुमचीच ना?"

"ओळ माहीच हाय. पण हे मह्या हातचं नाई."

"मग काय भुतानं बांधलं?" पप्पांनी फूल खुडलं. "उद्यापासून येऊ नका. दुसरं कोणी पाहीन मी."

कमरेची दोऱ्याची रिळं वच्छलामावशींनी खांबाला अडकवली, छकुलीचा हात धरला आणि निघाल्या. जाताना योगिनीच्या केसाला अडकलेलं मिरचीचं पान त्यांनी सवयीने काढून टाकलं.

ते भूत योगिनीच होती.

मंगळवारी छकुलीला ताप आला म्हणून मावशी लवकर घरी गेल्या होत्या. नवव्या ओळीच्या टोकाची फुलं राहिली होती. पप्पा म्हणाले होते, "नववी झाली की लगेच खोल्या पक्क्या करतो." मग दुपारी योगिनी एकटी नेटमध्ये गेली आणि वीस मिनिटांत दोरे बांधून आली. पाकळ्या काढल्या नाहीत, पराग लावले नाहीत, नुसते दोरे! संध्याकाळी पप्पांनी दारातूनच पाहिलं. सगळीकडे लाल दिसलं आणि त्यांनी मान डोलावली.

किती दोरे, तेही तिला पाठ होतं. त्रेचाळीस.

"आपल्याला केस मिळाली!" शिवम कानाशी कुजबुजला. "मावशी खोटं बोलणाऱ्या नाहीत. आपण शोध लावू! तुझं भिंग आण."

"कशाला? दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतीलच," योगिनीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच तर घाई! मग खरं कोणतं, खोटं कोणतं, कोणालाच ओळखू येणार नाही!"

हे योगिनीला शिवमच्या आधीपासून माहीत होतं. नुसतं गप्प बसायचं, तीन दिवस! मग नवलनगरी. पण कंपनी ते बी पेरून बघते. पुढच्या वर्षी खोटी झाडं उभी राहिली असती, आणि सगळे म्हणाले असते, वच्छलाबाईचीच ओळ ती. ती मुकाट्याने भिंग घेऊन आली.

छकुलीही कुंपणाखालून परत आली होती. डोळे लाल, पण कंबर कसलेली. "मही आजी दोऱ्याचे दोन येढे देते आन् टोक दातानं तोडते," ती म्हणाली. "मले गाठ दाखवा, मी सांगतो कोनाची हाय!"

नवव्या ओळीच्या टोकाशी शिवम वाकला. "अरे! ही गाठ बघा. दोन कान काढलेत, फुलपाखरासारखे. बुटाची नाडी बांधतात तशी!"

योगिनीने आपले बूट हळूच मिरचीच्या झाडाआड नेले.

"आजीची नाई!" छकुलीने निकाल दिला. "आजी बूट घालतच नाई!"

"लिही, योगिनी. नववी ओळ, फुलपाखरू गाठ."

योगिनीने लिहिलं. स्वतःचंच अक्षर तिला परकं वाटलं.

"चला, आता दुसऱ्या ओळी बघू," ती घाईने म्हणाली. तिला फक्त नवव्या ओळीपासून लांब जायचं होतं. पण चौथ्या ओळीत ती थबकली. लाल दोरा, आणि आत पाकळ्या! तिने भिंग लावलं. निळसर परागकोष जागच्या जागी, फुटून पिवळी भुकटी सांडलेले. दोरा मात्र नुसता एका फासाचा, सैल. फुंकर मारली तर हलेल असा.

"ही माझी..." ती बोलता बोलता थांबली. "ही मावशींची नाही."

पाचव्या ओळीत तसेच सात. सहाव्यात अकरा! म्हणजे आणखी कोणीतरी होतं! योगिनीला एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटल्याचीच लगेच इतकी लाज वाटली की तिचे कान तापले.

"एका फासाची गाठ," शिवमने कपाळाला आठ्या घातल्या. "एका हाताने बांधल्यासारखी. एका हाताने कोण काम करतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पंजाबकाका!"

पंजाबराव म्हणजे बायकांच्या टोळीचे मुकादम. त्यांचा उजवा हात कायम फोनसाठी राखीव! जेवतानाही ते डाव्या हाताने फोन धरत, कारण तेव्हा उजवा अडकलेला असे.

"विचारलं तर नाही म्हणतील," योगिनी म्हणाली. "त्यांना बांधायलाच लावू."

सायंकाळी अंगणात पप्पा आणि पंजाबराव चहा घेत बसले होते. शिवम आकाशकंदील घेऊन आला. पंजाबरावांचा फोन सुरूच होता. "हाव, हाव! भाऊबीजेच्या आधी टोळी मोकळी! तुह्या वावरात आनतोच. काऊन चिंता करतं?"

"काका, कंदील बांधून द्या ना! आमचा हात पुरत नाही."

"बाप्पा! मोठे शेहरातले पोट्टे, अन् गाठ मारता येत नाई?" पंजाबराव उठले. उजव्या हाताने फोन कानाला, डाव्या हाताने दोरी खिळ्याभोवती घेतली, अंगठ्याने फास केला, ओढला. "हे घे!"

छकुलीने फुंकर मारली. कंदील धप्पकन शिवमच्या डोक्यावर पडला!

"हीच! हीच गाठ!" ती उड्या मारायला लागली.

योगिनीने चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या ओळीतून खुडून आणलेल्या तीन फांद्या पप्पांसमोर ठेवल्या आणि भिंग दिलं. पप्पांनी फांद्या पाहिल्या, मग पडलेल्या कंदिलाची दोरी पाहिली, मग पंजाबरावांकडे.

"पंजाबराव, फोन ठेवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पंजाबरावांनी फोन खिशात ठेवला.

"म्या काई वाईट नाई केलं, प्रेमानंदभाऊ," ते चाचरत म्हणाले. "वेळ वाचवाले म्हून सकाळी आधीच दोरे बांधून ठेवले. म्हटलं, बाया मांगून येतीन, संध्याकाळी पाकळ्या काढतीन अन् दुसऱ्या दिशी पराग लावतीन."

"आणि दोरा दिसला की बाया फूल सोडून पुढे जातात!" पप्पांनी कपाळावर हात मारला. "त्यांना शिकवलंच तसं आहे ना आपण! उलटं काम केलं तुम्ही!"

"आता कळते, भाऊ. पन नवव्या ओळीत म्या पाय नाई ठेवला. मह्या पोराची शपथ!"

"आता पुरे! वच्छलाबाईंना मी काय काय बोललो." पप्पा मुलांकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "शाब्बास रे तिघांनो! मोठ्या माणसांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलं. योगिनी, तुझ्या भिंगाला दुसरं बक्षीस! चल, आत्ताच वच्छलाबाईंना बोलावून आणू."

सगळं सुटलं होतं. फुलपाखरू गाठीची आठवण आनंदात कोणालाच राहिली नव्हती. मावशी परत येणार होत्या, पंजाबकाकांची चूक तर होतीच, त्यात आणखी एका ओळीने काय फरक पडला असता? पप्पांचा हात तिच्या डोक्यावर होता. तो तिला विटेसारखा जड लागला.

"पप्पा, काका खरं बोलतात," ती म्हणाली. "नववी ओळ मी केली."

"काय केली?"

"मंगळवारी. नुसते दोरे बांधले. नवलनगरीला जायला मिळावं म्हणून." तिने बूट पुढे केले. नाडीचे दोन कान सगळ्यांना दिसले. "त्रेचाळीस आहेत."

शिवमचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे फुलपाखरू... तू? अन् मी तुलाच लिहायला सांगत होतो?"

पप्पांनी हात काढून घेतला. "मी दारातूनच बघून मान डोलावली," ते म्हणाले. "ते माझं चुकलं. पण मावशी जात होत्या तेव्हा तू तिथंच उभी होतीस, योगिनी."

"मावशींकडे जाऊ, पप्पा," ती म्हणाली.

वच्छलामावशींच्या घरी ती पप्पांबरोबर चालत गेली. पप्पांनी आधी स्वतः माफी मागितली. मग योगिनीने सगळं सांगितलं, आकड्यासकट. मावशी भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

"तुले गाठ म्याच शिकवली असती," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर."

"मावशी, रागावल्या तुम्ही?"

"हाव, रागावली. राहू दे जराक येळ राग." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "पन सांगाले आली, हे बरं केलं. लय मोठे मानसं येत नाईत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे नेटमध्ये होते. खोटं फूल न् फूल खुडायचं होतं. पंजाबराव फोन घरी ठेवून आले होते आणि सारखा खिसा चाचपत होते. एका फासाची फुलं पटापट सापडली. नवव्या ओळीतलं एक पप्पांनी कालच खुडलं होतं. नऊ वाजेपर्यंत योगिनीचा आकडा एक्केचाळीसवर गेला आणि अडला.

"झालं असंल बे, दोननं काय होते?" पंजाबराव म्हणाले.

"नाही! त्रेचाळीसच होते," योगिनी म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा पहिल्यापासून निघाली.

शेवटचे दोन छकुलीला मिळाले, पानांच्या खाली. त्यांच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. फूल अगदी खऱ्यासारखं दिसत होतं. पण देठाला फुलपाखरू होतं. आकडा आणि गाठ माहीत नसती, तर ते कधीच सापडले नसते!

"पोट्टीनं घातलेला घोळ पोट्टीनंच निस्तरला," पंजाबराव हळूच म्हणाले. "मलेही आता दोन हातानं काम करनं आलं!"

"याला म्हणतात काम!" पप्पा म्हणाले. मग त्यांनी योगिनीची वही मागितली, शेवटचं पान उघडलं आणि पेन तिच्या हातात दिलं. योगिनीने बरोबरच्या खुणेवर रेघ मारली. नव्या कळ्या यायला, क्रॉसिंग व्हायला आणखी आठवडा तरी लागणार होता. भाऊबीज त्याआधीच होती. तारखेच्या जागी तिने लिहिलं, 'उन्हाळ्यात. सगळं झाल्यावर.'

शिवम दूर जाऊन बोटांवर काहीतरी मोजत बसला. योगिनीला वाटलं, आता हा बोलणारच नाही.

"उन्हाळ्यापर्यंत सहा-सात महिने," तो म्हणाला. "दीड सेंटिमीटर! योगिनी, हिशेब कर ना, होईल का?"

"होईल," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

त्या संध्याकाळी वच्छलामावशींनी तिला कळी उघडायला शिकवलं. पाकळ्या ओढताना चिमटा मधल्या नाजूक स्त्रीकेसराला लागू द्यायचा नाही. दोन कळ्या मोडल्या, तिसरी जमली, मग पुढच्याही. सकाळी त्याच फुलांना तिने पराग लावले. मग मावशींनी खांबावरची रिळं काढून एक तिच्या हातात ठेवलं.

"आता बांध. दोन येढे, अन् टोक दातानं."

योगिनीने दोन वेढे दिले, दाताने टोक तोडलं. मावशी वाकल्या, डोळे बारीक करून त्यांनी गाठ निरखली, नखाने ओढून पाहिली. पुढच्या फुलाचीही पाहिली. त्याच्या पुढच्याचीही.

त्यांनी प्रत्येक गाठ अशीच ओढून बघावी, असंच योगिनीला वाटत होतं.