मांडीवरचा पाव

काम साधं होतं. अंगियारी गावाहून एक चित्र आरेत्सो शहरातल्या गिऱ्हाइकाला पोचवायचं. चित्र माझ्या दुकानातलं, नेणारा ओत्ताविओ. जुनी चित्रं दुरुस्त करायचा; हात सोन्याचा, स्वभाव गरीब.

लांब लाकडी फळीवर येशूचं बाळपण रंगवलेलं. गोठा, तीन राजे, इजिप्तची वाट. आणि शेवटी हेरोद राजाचे शिपाई तान्ही पोरं कापताहेत. एका आईच्या मांडीवर तिचं मेलेलं बाळ.

मी म्हणालो, "जेवणघरात हे कोण लावील? वरून रंग चढवून तलवारींच्या काठ्या कर, बाळाचा पाव कर. जत्रा वाटली पाहिजे."

आमच्या धंद्यात हे चालतं. ओत्ताविओची बायको नेरीना मात्र अडून बसली. आठवा महिना होता तिला, आधीची दोन बाळं गेलेली. "असलं काम आत्ता नको हो," म्हणाली.

मी हसलो. "अगं, पावानं कुणाचं वाईट झालंय?" ओत्ताविओनं पाव रंगवला.

काय रे पिएरो, भाच्या, ऐकता ऐकता तोंड का वाकडं करतोस?

"मामा, हे तुम्ही सांगताय की तुमचा दारूचा ग्लास?"

ऐक आधी.

सत्तावीस डिसेंबर, संध्याकाळचे साडेसहा. दुसऱ्या दिवशी त्याच मारलेल्या बाळांचा सण. चित्र गाडीत मागं ठेवून ओत्ताविओ निघाला. घाटात धुकं. वळणावर एक बाई उभी. ओत्ताविओनं गाडी थांबवली.

"पुढं बसा. मागं सामान आहे."

"मागंच बसते."

दोन वळणं गेली. मग मागून…

"पावाला काय पाजू मी?"

त्यानं आरशात पाहिलं. निळी शाल. डाव्या खांद्यावर फाटलेली. चित्रातल्या त्या आईची. तोंड कसं होतं, ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही.

"काढतो… सकाळी पुसून काढतो."

"तोवर दुसरं दे."

आम्हा दुकानदारांची खोड वाईट. गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. बदलून देतो म्हणतो. त्याच्याही तोंडून गेलं…

"देतो."

वळून पाहिलं, तर मागं कुणी नव्हतं.

फोन वाजला. नेरीनाला दवाखान्यात नेलं होतं. मुलगा झाला. रडला नाही.

जानेवारीत ओत्ताविओनं चित्र परत आणून माझ्यासमोर तो पाव पुसला.  

पावाखाली दोन बाळं निघाली.

पाव रंगवण्याआधीचा फोटो माझ्याकडं आहे. त्यात मांडीवर बाळ एकच. मी शहरात नेऊन तपासून घेतलं. दोघांचाही रंग, म्हणाले, पाचशे वर्षांचा.