नऊ सेकंदांचे तुकडे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सोमशेखरचा स्टुडिओ म्हणजे एक शटर, एक निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोवाल्यांसाठी आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. पेठेतले बाकीचे फोटोवाले लाख-लाखाचे कॅमेरे गळ्यात घालून लग्नं करत फिरायचे. आपल्या गड्यानं मात्र तेरा वर्षांचा, कोपरे घासून पांढरे पडलेला डीएसएलआर साडेनऊ हजारांत आणला आणि कुस्ती मारून आल्यासारखा घरात मिरवला.

त्या खोक्यात खुबी होती. परदेशातल्या काही उचापती पोरांनी एक प्रोग्राम फुकट वाटला होता. तो कार्डावर टाकला की हा म्हातारा कॅमेरा 'रॉ' व्हिडिओ घ्यायचा. एरवी कॅमेरा चित्र शिजवतो, वर मीठमसाला घालतो आणि मग आपल्या ताटात वाढतो. यात सगळं कच्चं. सेकंदाला चोवीस कच्चे फोटो, काचेतून आत आले तसे. फक्त कार्ड बिचारं जुनं, त्याच्या घशाखाली एवढं उतरायचं नाही. नऊ सेकंद झाले की ठसका लागल्यागत रेकॉर्डिंग आपोआप बंद. अर्धा मिनिट दम खायचा, मग पुन्हा नऊ सेकंद. ते नऊ मिळावेत म्हणून मागचा स्क्रीनही बंद ठेवावा लागे. आवाज तर मुळातच नाही. काय पदरात पडलंय ते स्टुडिओत कॉम्प्युटरवर उघडल्याशिवाय कळायचं नाही.

"रॉकेलवर चालतोय का बघा एकदा," श्रीदेवी म्हणायची. ही त्याची बायको. "नवरीनं हार घालाय हात वर केला की तुमचा बंद. हार पडणार पुढच्या लग्नात."

त्या कॅमेऱ्याचं कौतुक होतं एकट्या सासऱ्यांना. निंगप्पा होटगी जंक्शनवर रेल्वेत होते, रूळ तपासत चाळीस वर्षं चालले, आणि रिटायर झाल्यावर रुळालगतच्या स्वतःच्या दोन एकरांत राहायचे. कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा करायचे. "जावईबापू, माझं काढा की एकदा ह्यात. कच्चं तर कच्चं."

"काढू की अप्पा."

राहून गेलं. एप्रिलच्या एका रात्री दोन वाजता निंगप्पांच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यांचा मुलगा अभिमन्यू मस्कतला. त्याला विमान मिळणार तिसऱ्या दिवशी, आणि एप्रिलच्या उन्हात तिसऱ्या दिवसापर्यंत माती थांबत नाही. सकाळी सासूबाई, रत्नम्मा, जावयाजवळ आल्या. रडून रडून आवाज बसला होता.

"फोटो सगळेच काढत्यात. त्याला फोटो नको. बाप हितं बसलाय, असं दिसू दे त्याला."

म्हणून सोमशेखरनं तो कॅमेरा आणला.

लिंगायत घरात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. बसवतात, आणि बसल्या मांडीनंच समाधी देतात. निंगप्पांना भिंतीला टेकवून पाटावर बसवलं होतं. कलू नयेत म्हणून पाठीमागून धोतराची पट्टी बांधलेली. कपाळावर, दंडांवर, छातीवर विभूतीचे पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार. शेवटच्या फोटोला घरचे सगळे दोन्ही बाजूंना बसले. उजवीकडे रत्नम्मा. डावीकडे श्रीदेवी, वडिलांच्या मनगटावर हात ठेवून. मागं निंगप्पांचे धाकटे भाऊ सिद्धलिंगप्पा, खांद्यावर टॉवेल. समई विझू नये म्हणून फॅन बंद केलेला. अगरबत्त्यांचा धूर सरळ वर जात होता.

सोमशेखरनं तिपाई लावली, बटण दाबलं. नऊ सेकंद. थांबला. पुन्हा नऊ सेकंद. असे अकरा तुकडे घेतले. स्क्रीन काळा होता, आणि खरं सांगायचं तर तो बघतच नव्हता. त्याचा चष्मा धुरकटला होता.

दीडच्या सुमारास शेतात समाधी दिली. खड्ड्यात मीठ, विभूती, बेलाची पानं. जंगम अय्यांनी मंत्र म्हटले. वर माती, मातीवर दगड. श्रीदेवी आईजवळ थांबली. सोमशेखर मोटारसायकलवर सोलापूरला निघाला, कारण अभिमन्यूचे फोनवर फोन येत होते.

"दाजी, कधी पाठवताय?"

"तासाभरात पाठवतो रे."

साडेतीन वाजता स्टुडिओचं शटर अर्धं ओढून त्यानं पहिला तुकडा उघडला. सुंदर आला होता. अंधाऱ्या खोलीतला विभूतीचा कण न् कण दिसत होता. त्यानं छातीवरचा हार मोठा करून पाहिला, फोकस बरोबर आलाय का म्हणून.

हार वर गेला. खाली आला.

त्याला वाटलं, फॅन. मग आठवलं, फॅन बंद होता. त्यानं चित्रातल्या भिंतीवरच्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि तुकडा पुन्हा चालवला. खिळा बोटाखालून हलला नाही. म्हणजे तिपाई हलली नव्हती. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात उमटतात ते दाणे असतील म्हणावं, तर दाणे जागच्या जागी नाचतात, श्वास घेत नाहीत. त्यानं पहिली आणि पन्नासावी चौकट एकमेकींवर ठेवली. झेंडूच्या कडेला बोटभर फरक होता. दुसरा तुकडा. तिसरा. त्यानं अकराच्या अकरा तुकडे तसेच, नुसती छाती मोठी करून, पाहिले. प्रत्येक नऊ सेकंदांत दोन श्वास. संथ, गाढ झोपलेल्या माणसाचे.

भावकीतल्या कुणीतरी त्याच वेळी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पडला होता. त्यात अप्पा दगडासारखे होते. सोमशेखरला दोन क्षण हायसं वाटलं. मग ध्यानात आलं. मोबाइल चित्र शिजवून देतो. बारीकसारीक हालचाल गिळून टाकतो. हा कॅमेरा काहीच गिळत नाही.

दीड वाजता माती लोटली होती. आता चार वाजायला आले होते.

त्यानं श्रीदेवीला फोन लावला नाही. सिद्धलिंगप्पांना लावला.

"काका, उघडावं लागंल."

"काय उघडावं लागंल?"

"खड्डा."

पलीकडं कावळा ओरडत होता. "जावईबापू, ऊन लागलं का तुमास्नी?"

"डॉक्टरला बोलवा. मी निघालोय."

तुकडे लॅपटॉपवर घेऊन, लॅपटॉप पोटाशी बांधून तो होटगीला कसा पोचला हे त्यालाच आठवत नव्हतं. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मिठानं भरलेल्या खड्ड्यात, बसल्या मांडीला, माणसाला किती वेळ हवा पुरते? बांधावर बाभळीच्या सावलीत त्यानं लॅपटॉप उघडला. सिद्धलिंगप्पांनी तो हार एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. टोपी काढून बांधावर ठेवली आणि स्वतःच फावडं उचललं.

तोवर श्रीदेवी घरातून पळत आली होती. पायात चप्पल नव्हती, आणि ढेकळं तापलेली.

"खरं सांगा," तिनं सोमशेखरचा शर्ट धरला. "आपण अप्पांना जित्तं पुरलं का?"

त्यानं खड्ड्याकडं पाहिलं. तिला तेवढं पुरलं. ती गुडघ्यावर बसून हातांनी माती ओढायला लागली. नखं फुटली तरी थांबेना. "अप्पा, आले वो, आले," एवढंच चाललेलं.

मीठ लागलं. मग बेलाची पानं. मग पांढरं मुंडासं.

निंगप्पा बसवले तसेच बसले होते. कपाळावरचे तीन पट्टे जसेच्या तसे. डॉक्टर खड्ड्यात उतरले, पुरी दोन मिनिटं छातीवर स्टेथोस्कोप धरला, डोळ्यांत बॅटरी मारली, मान बोटांनी दाबून पाहिली. आणि घाम पुसत वर आले.

"काल रात्री दोनला गेलेत. आत्ताबी गेलेलेच हाईत. मी तपासून लिहून दिलंय की वो! का आता त्या डबड्याला डॉक्टरकीची डिग्री दिली तुमी?"

कुणी हसलं नाही. श्रीदेवी खड्ड्यात उतरली होती. तिनं आपला गाल वडिलांच्या ओठांना लावला आणि तशीच राहिली. बराच वेळ राहिली. सिद्धलिंगप्पांनी दोनदा हाक मारली. मग ती उठली, पदर झटकला, आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "न्हाईत. झाका."

परत माती लोटताना सिद्धलिंगप्पा सोमशेखरकडं बघत नव्हते. "जावई हायसा," ते मातीकडं बघत म्हणाले, "म्हणून हात उचलत न्हाय."

शिव्या खाऊनही सोमशेखरला त्या संध्याकाळी हलकं वाटलं. माणूस जिवंत पुरला नव्हता, यापेक्षा मोठं काय असतं? काहीतरी तांत्रिक घोळ झाला असणार. अभिमन्यूला त्यानं तुकडे पाठवले नाहीत. कार्ड खराब निघालं म्हणून सांगितलं.

सुतक पाळायची त्यांच्यात रीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीदेवी त्याच्याबरोबर सोलापूरला आली. कपडे घ्यायचे होते, भाऊ येणार होता. वाटेत तो म्हणाला, "चुकलं माझं." तिनं नुसती मान हलवली. दोन घास खाल्ले न खाल्ले, आणि "जरा पडते," म्हणून स्टुडिओवरच्या खोलीत गेली.

दुपारचा एक. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सोमशेखर खाली कॉम्प्युटरपुढं बसला, ते अकरा तुकडे पुसून टाकायला. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून पहिला चालवला. काल त्यानं नुसती छाती मोठी करून पाहिली होती. ज्याची धास्ती बसते, तेवढंच माणूस बघतो. आता पहिल्यांदा अख्खं चित्र समोर होतं.

अप्पांची छाती वर गेली. खाली आली.

धूर चढत होता. समईची ज्योत थरथरत होती.

रत्नम्मांचं तोंड रडण्यात उघडलेलं होतं. ते उघडंच राहिलं. नऊ सेकंद. एक माशी त्यांच्या गालावरून चालत डोळ्याच्या कडेपर्यंत गेली, डोळ्यावर चढली. पापणी लवली नाही.

त्यानं ग्रुपवरचा मोबाइलचा व्हिडिओ लावला. त्यात रत्नम्मा कपाळ बडवत पुढंमागं डोलत होत्या.

दुसरा तुकडा. सिद्धलिंगप्पांनी डोळे पुसायला टॉवेल उचललेला. टॉवेल गालापाशी. तिथंच.

तिसरा. आता टॉवेल खांद्यावर होता. रत्नम्मांचं डोकं भिंतीला टेकलेलं. सगळे पुन्हा थिजलेले.

म्हणजे मधल्या अर्ध्या मिनिटात ती माणसं हलत होती. कॅमेरा दम खायला थांबायचा, तेव्हाच.

त्याला उठायचं होतं. तरी त्यानं श्रीदेवीचा चेहरा मोठा केला.

तिच्या डोळ्यातून थेंब सुटला, गालावरून घरंगळला, हनुवटीवरून खाली पडला. गाल हलला नाही. नाकपुडी हलली नाही. पदर हलला नाही. दोनशे सोळा चौकटी त्यानं एकेक करून पाहिल्या. तिचा हात वडिलांच्या मनगटावर होता, आणि वडील सावकाश श्वास घेत होते, जणू तिच्या वाटचा.

अकराही तुकडे तसेच.

वरच्या खोलीत फॅन कुरकुरत होता. तेवढाच आवाज.

जिना बारा पायऱ्यांचा. तो अनवाणी चढला. दार लोटलेलं होतं. श्रीदेवी चटईवर उताणी पडली होती, डोळे मिटलेले, हात पोटावर. फॅनच्या वाऱ्यानं पदर फडफडत होता, त्यामुळं काही कळत नव्हतं.

त्यानं फॅनचं बटण बंद केलं.

पाती हळू झाली. थांबली. पदराची फडफड थांबली.

तो वाट बघत राहिला. मनात आकडे मोजत राहिला. वीस झाले. चाळीस झाले.

गुडघ्यावर बसून त्यानं दोन बोटं तिच्या नाकाखाली धरली.

"काय बघायलाव?" तिनं विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

त्याची बोटं तिच्या ओठांपासून ज्वारीच्या दोन दाण्यांएवढ्या अंतरावर होती.

"फॅन लावा की," श्रीदेवी म्हणाली. "अप्पा गुदमरायलेत."

शब्द अगदी स्पष्ट होते. बोटांना श्वासाचा वारा लागला नाही.