दोन फोल्डर

नवरी सजून बसली, दारात वाजंत्री वाजू लागली आणि नेमका त्याच वेळी मोहिनीच्या मोबाइलने फोटो काढायला नकार दिला. पडद्यावर अक्षरं आली... जागा शिल्लक नाही.

गोरेगावातलं लग्न होतं. मोहिनी सकाळच्या जीपने सेनगावहून आली होती. तिकडे तिचं छोटंसं ब्युटी पार्लर होतं. नवरी नटवायची, तिचे फोटो काढायचे, ते एडिट करून उजळायचे आणि पार्लरच्या पेजवर टाकायचे. ते बघूनच पुढचं काम यायचं. आज दोन तास खपून तिने या नवरीला, दिपाला, सजवलं होतं आणि आता फोटोच निघेना.

"एडिट केलेले ठेवते अन् बाकीचे जुने सगळे उडवते," ती पुटपुटली.

"थांबा, थांबा! काहून डिलीट मारून राहिल्या?"

दारात एक सावळा, उंच तरुण उभा होता. हातात वायरचं भेंडोळं, कपाळावर घाम. दिपाच्या भावाचा हा मित्र, शिवहार. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि पाहुण्यांच्या चार्जिंगसाठी तो बोर्ड लावायला आला होता.

"जागा न्हाई म्हणून!" मोहिनी वैतागली. "तुमी देता का जागा?"

"देतो की."

त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढला, एक पिन लावून तिच्या मोबाइलला जोडला आणि शांतपणे विचारलं, "एडिट केलेले घेऊ, का ओरिजनल बी?"

"ओरिजनल काय करायचे? डोळ्यांखाली काळं, गालावर पुटकुळ्या... कोण बघतं ते?"

"बघणारं कोणीतरी निघतंच," तो म्हणाला, आणि क्षणभर तिच्याकडेच बघत राहिला. मोहिनीने उगाच दिपाच्या कपाळावरची मुंडावळी नीट केली.

त्याने दोन फोल्डर केले. एकाला नाव दिलं 'ओरिजनल', दुसऱ्याला 'एडिट'. फोटो गेल्यावर दोन्हीकडचा आकडा ताडून पाहिला, मधूनमधून पाच-सहा फोटो उघडून बघितले आणि मगच म्हणाला, "आता मारा डिलीट. बिनधास्त."

दिपाचे फोटो झकास निघाले. निघताना त्याने पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. "एवढीशी चीज कधी हरवंल, सांगता येत न्हाई. दुकानावर या. सगळं हार्ड डिस्कवर टाकू. फोटो नेहमी दोन जागी पाहिजेत."

पुढच्या शुक्रवारी मोहिनी हार्ड डिस्क घेऊन गोरेगावला गेली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही गेली... आणि त्याच्याही पुढच्या. खरं तर फोटो उतरवायला एक दुपार पुरली असती. पण चार वर्षांचे अकरा हजार फोटो होते, आणि शिवहारचं म्हणणं असं की प्रत्येक एडिट केलेल्या फोटोची त्याच्या ओरिजनलशी जोडी लागली पाहिजे. जीपच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळीधमक फुललेली असायची, आणि दुकानात पोचेपर्यंत मोहिनीच्या केसांत वारा भरलेला असायचा.

जोड्या लावताना तो चुकत नसे. चेहरा बघितला की सांगायचा, "ही माहेरवाडीच्या लग्नातली. एडिटच्या फोल्डरात तिसऱ्या ओळीत होती."

"एवढं ध्यानात राहतं?"

"आमचे बाबा शंभर मेंढ्या तोंडावरून वळखतात," तो हसला. "मेंढ्या मला जमल्या न्हाईत. माणसं जमून राहिली."

एकदा त्याने दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. "ही पोरगी आधी रडून राहिली होती, व्हय ना? अन् इथं खुदकन हसली. काय सांगितलं तुमी तिला?"

"म्हणलं, नवरदेव तुझ्याहून जास्त घाबरला. आत्ताच खिडकीतून बघून आले मी."

शिवहार मोठ्याने हसला. "हे काम मेकअपच्या डब्यात मिळत न्हाई," तो हळूच म्हणाला.

चार वर्षांत तिच्या कामाकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी तिची जीप चुकली, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

डिसेंबरात जिवनबाई पार्लरवर आल्या. त्यांची निता लग्न होऊन सुरतेला गेली होती आणि त्यांना तिचा फोटो फ्रेम करून भिंतीला लावायचा होता. मोहिनीने पेजवरचा सगळ्यात देखणा फोटो दाखवला. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"छान हाय माय. पर हिच्या भुवईवरचा वण कुठं गेला? पाळण्यातून पडली होती ती. म्याच उचलली होती..."

वण मोहिनीनेच पुसला होता. मोबाइलमधला ओरिजनल तर तिने केव्हाच उडवलेला. डिस्क मात्र शिवहारच्याच दुकानात असायची. तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "निता ना? दोन मिनिटं." आणि खरंच, दोन मिनिटांत फोटो आला.

जिवनबाईंनी पडद्यावरच्या त्या वणावरून बोट फिरवलं. "ही माझी निता," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मोहिनीला त्या क्षणी तो माणूस फार मोठा वाटला. दुसऱ्याची चीज स्वतःच्या चीजेपेक्षा जास्त जपणारा. तिने त्याला पुन्हा फोन लावला, 'थँक्यू' म्हणायला... आणि भलतंच विचारलं, शुक्रवारी दुकान उघडं हाय ना?

जानेवारी लागला. शुक्रवार नसताना, भर दुपारी मोहिनी दुकानात आली.

"माझा एक फोटो पाहिजे. डिस्कवर हाय."

"कोन्ता देऊ? ओरिजनल का एडिट?"

"तुमी सांगा. वसमतला स्थळ हाय. पोरगा नोकरीला हाय म्हणं. आई पाठवणार हाय."

माउसवरचा त्याचा हात थांबला. रस्त्यावर जीपवाला 'सेनगाव, सेनगाव' ओरडत होता. शिवहार पडद्याकडे बघत म्हणाला, "न्हाई देत."

"काय?"

"दुसरं काय बी मागा... हा फोटो न्हाई देत." त्याने मान वर केली. "अकरा हजार फोटो हायेत तुमचे माझ्यापाशी. एक बी हरवू दिला न्हाई. पण तुमीच दुसरीकडं गेल्या तर... ते कसं सांभाळायचं, मला येत न्हाई."

खरं तर फोटो आईजवळ होताच. तिला यायची गरजच नव्हती.

"मग इतके दिवस बोलला काहून न्हाई?"

"तुमी न्हाई म्हणाल्या असत्या तर शुक्रवार बंद झाला असता."

ती हसली, डोळे भरलेले असतानाच. पर्समधून मोबाइल काढून तिने घरचा नंबर लावला.

"आई, वसमतवाल्यांना फोटो पाठवू नको... काहून म्हणजे? चहा ठेव तू. मी माणूसच घेऊन येऊन राहिले."

"कोन माणूस?" पलीकडे तिच्या आई सत्यभामाबाई ओरडल्या, एवढ्या मोठ्याने की शिवहारलाही ऐकू गेलं.

"आल्यावर बघ की!"

शिवहार गडबडून उठला. त्याने शर्टाच्या बाह्या खाली सोडल्या, परत वर केल्या, पुन्हा खाली सोडल्या. बाहेर जीपवाल्याने शेवटचा हॉर्न दिला. आणि गोरेगावच्या बाजारात भरदुपारी, पहिल्यांदाच, त्या दुकानाचं शटर खाली आलं.