भंगारातली गिटार

तळवड्याच्या भंगार दुकानात वर्षालीने गिटार उचलली, तेव्हा दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"बरं… पण मला दिलीत तर पाच हजार देईन."

दुकानदार आठशे सांगत होता. चाकणच्या कंपनीत पार्ट तपासून तपासून वर्षालीला माणसंही तपासायची सवय लागली होती. "मग तर नाहीच देणार!" म्हणत तिने गिटार घेतली. शिकायचं लहानपणापासून राहून गेलं होतं.

तो हसला. "तारा लावायला तरी या. मी समाधान. पिंपळे सौदागरला गिटार दुरुस्तीचं दुकान आहे."

रविवारी ती गेली. भिंतीवर त्याच्या संग्रहातल्या चार जुन्या गिटारी होत्या. समाधानने छोटा आरसा गिटारच्या पोटात घालून आतल्या पट्ट्या बघितल्या, खुंट्या हलकेच फिरवल्या. मग आरसा पुन्हा एकदा आत घातला.

"काय झालं? रिजेक्ट?"

"नाही… ही दुसऱ्या महायुद्धाआधीची आहे. अमेरिकेत बनलेली. दोन लाखांच्या खाली देऊ नका."

"आणि तुम्ही पाच हजारांत नेणार होतात?"

"हो. दहा वर्षं अशी एक शोधतोय… मोह झाला." त्याने मान वर केली नाही. "तेव्हापासून लाज वाटतेय."

गिटार उचलून ती तडक निघाली. पायरीवर मात्र थबकली. आजही तो गप्प बसला असता, तर तिला कधीच कळलं नसतं. ती परत फिरली. "दुरुस्त करा, मग विकू," म्हणत तिने गिटार त्याच्यापुढे ठेवली.

महिनाभर समाधान गिटारचे सुटलेले सांधे बसवत होता आणि शिफ्ट सुटली की वर्षाली समोर येऊन बसत होती. एकदा त्याने तिची बोटं तारांवर ठेवून दिली… आणि पुढे काय शिकवायचं तेच विसरला.

मग पुण्याहून गिऱ्हाईक आलं. समाधानने गिटारचे गुण सांगितले, डागही दाखवले. सौदा दोन लाख दहा हजारांवर आला. वर्षालीचा आठ महिन्यांचा पगार!

"राहू द्या," ती अचानक म्हणाली. "नाही विकायची."

गिऱ्हाईक चिडून गेलं.

"वेडी आहेस का तू?" समाधान पहिल्यांदाच एकेरीवर आला.

"विकली तर इथे कशाच्या निमित्ताने येऊ?"

त्याने गिटार बाजूला ठेवली. मग हळूच तिचा हात हातात घेतला. "निमित्त… लागतंच का?"

"आता नाही," वर्षाली म्हणाली. हात तिने तसाच राहू दिला.